पार्सल केव्हां येणार ?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग इतका साधा कीं, तो वार्षिकांत छापण्याजोगा आहे असें प्रथम आमच्या मनांतहि आलें नाहीं. परंतु त्याचा विचार करूं लागलों, तों त्यांतून इतिहास, भूगोल, गणित आणि थोडेंसें मानसशास्त्र असे शाळेंतील निम्मे विषय निघाले. म्हणून विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें तो मांडीत आहों.

आमच्या मातोश्रींचें वय ७६ वर्षांचें आहे. कानाच्या यंत्रावांचून त्यांस ऐकूं येत नाहीं. तें यंत्र बिघडलें म्हणून पुण्यास दुरुस्तीला पाठविलें होतें. यंत्र नाहीं म्हणजे घरांत बोलणें नाहीं. पंधरा दिवस त्या खुणांनीं व्यवहार करीत होत्या. नातवंडें शेजारीं बसून कांहीं सांगत, तेव्हां ऐकल्यासारखें करून त्या हंसत; आणि मुलांच्या तें लक्षांत आल्यावर मुलें हळूहळू सांगेनाशीं झालीं. अशा वेळीं आमच्या मोबाईलवर संदेश आला कीं, आपलें पार्सल उद्यां सकाळीं ९ ते सायंकाळीं ७ या वेळांत पोंचेल. घरीं कोणीतरी हजर असावें.

पहिल्या दिवशीं आम्ही ९ च्या आधींच स्नान व न्याहारी उरकून ओसरीवर पुस्तक घेऊन बसलों. गल्लींतून भाजीची गाडी गेली, भंगारवाला गेला, गॅसच्या टाक्यांची गाडी आली. प्रत्येक वेळीं आम्ही उठून फाटकापर्यंत जाऊन आलों. मातोश्रींस वाहनाचा आवाज येत नव्हता, पण आमचें उठणें दिसत होतें. त्या दर खेपेस हातानें "आलें का ?" अशी खूण करीत व आम्ही मान हलवीत असूं. सायंकाळचे ७ वाजले. दिवसभरांत पुस्तकाचीं चार पानें वाचून झालीं होतीं, आणि त्यांत काय होतें असें कोणीं विचारलें असतें तर आम्ही आमच्याच वर्गांत नापास झालों असतों.

दुसऱ्या दिवशीं शाळेंत निकालाचें काम होतें. आमच्या पत्नीस अंबडला एका नातलगांकडे बारशाला जावयाचें होतें. तें त्यांनीं रहित केलें व त्या घरीं थांबल्या. त्या दिवशींहि कांहीं आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं पुन्हा आम्ही दारांत. दुपारीं ४ च्या सुमारास मोबाईल किणकिणला : "आपलें दार बंद असल्यामुळें पार्सल देतां आलें नाहीं." दार उघडें होतें. आम्ही उंबरठ्यावर बसलों होतों.

वाचकांपैकीं ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांना त्या वेळच्या आमच्या मनाची स्थिति सांगावयास नकोच. पुढें काय झालें तें मागाहून सांगूं. आधीं ज्या प्रश्नानें आम्हांस त्या तीन दिवसांत छळलें तो पाहूं : पुण्याहून निघालेली एक मुठीएवढी वस्तु कोणत्या दिवशीं व किती वाजतां दारांत येईल, हें ज्यांच्या हातीं ती वस्तु आहे त्यांनाच सांगतां कां येऊं नये ?

वाट पाहण्याचा हा त्रास आजकालचा मात्र नव्हे. आपल्याच जिल्ह्यांतील परतूर येथून, जुन्या कागदांत ज्याला पडदूर म्हटलें आहे तेथून, मार्च १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर तिचें काय झालें, तें नानासाहेब पेशव्यांस २४ जानेवारीला भेलशाच्या मुक्कामीं कळलें. आणि तेंहि स्वतःच्या जासुदाकडून नव्हे, तर वाटेंत हातीं लागलेल्या एका सावकारी पत्रावरून. म्हणजे पूर्ण १० दिवस पेशवे ज्या फौजेच्या मदतीसाठीं पुढें सरकत होते, ती फौज उरलीच नव्हती. त्या काळीं महत्त्वाचें पत्र एकट्या जासुदाबरोबर न देतां जोडीबरोबर देत. एक पडला तर दुसऱ्यानें पोंचवावें. पत्र पोंचेल कीं नाहीं हीच जेथें शंका, तेथें किती वाजतां पोंचेल हें कोण विचारणार !

पुढें कंपनी सरकारच्या अमलांत पत्रांचें टपाल वेगळें व गांठोड्यांचें वेगळें असे. गांठोड्यांच्या टपालास बंगी म्हणत. कावडीप्रमाणें बांबूच्या दोन टोकांस ओझें अडकवून माणसें तें पायीं नेत. त्या बहंगीवरून हें नांव पडलें. १८५४ मध्यें टपालाची नवी घडी बसली व पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत हिंदुस्थानांत कोठेंहि जाऊं लागलें. १८७७ पासून व्ही. पी. ची पद्धति सुरू झाली. मालाचे पैसे टपालवाल्यानें घेणाऱ्याकडून वसूल करावे व पाठविणाऱ्यास पोंचते करावे, अशी ही सोय होती. आज मोबाईलवर वस्तु मागवून पैसे दारांत देणाऱ्या मुलांस हा नवा शोध वाटतो. परंतु त्यांच्या पणजोबांनीं पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून पुस्तकें अशींच मागविलीं होतीं. घरीं कोणीतरी थांबलें पाहिजे ही अट त्या व्ही. पी. बरोबरच घरांत शिरली. साधें पत्र दाराच्या फटींतून आंत टाकतां येतें. पण पैसे घ्यावयाचे असले किंवा सही पाहिजे असली म्हणजे माणूसच लागतें.

त्या काळीं आपलें जालना निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याला स्वतःचें टपालखातें होतें, स्वतःचीं तिकिटें होतीं. आणि त्याच मुलखांत इंग्रज सरकारच्या टपाल कचेऱ्याहि काम करीत. निजामाचें खातें १ एप्रिल १९५० रोजीं भारतीय टपालखात्यांत विलीन झालें. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला, आणि तेव्हांपासून बाहेरगांवचें पार्सल येण्याचा काळ आठवड्यांऐवजीं दिवसांनीं मोजतां येऊं लागला. आतां समृद्धि महामार्ग जालन्याजवळून जातो. त्याचा नागपूर ते शिरडी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं वाहतुकीस खुला झाला व २०२५ च्या जूनमध्यें ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पुरा झाला. गाड्या वेगानें धांवतात, आणि तरीहि आम्ही तीन दिवस ओसरीवर ! तेव्हां दोष वेगाचा नाहीं, हें उघड आहे.

विद्यार्थ्यांनीं आतां महाराष्ट्राचा नकाशा पुढें घ्यावा. पुण्याहून जालन्यास यावयाचें तर अहिल्यानगरावरून छत्रपति संभाजीनगर व तेथून जालना अशी सरळ वाट आहे. आमचें पार्सल पुण्याहून प्रथम भिवंडीस गेलें. तेथून संभाजीनगरास आलें आणि मग जालन्यास. पूर्वेकडे यावयाच्या वस्तूनें आधीं वायव्येस मुंबईकडे कां जावें ? पहिल्यानें हें आम्हांस शुद्ध वेडेपण वाटलें. परंतु हिशेब करून पाहिला तेव्हां त्यांत शहाणपण दिसलें. समजा, २५ गांवें आहेत व प्रत्येक गांवाहून प्रत्येक गांवीं माल जावयाचा आहे. सर्व गांवें एकमेकांस थेट जोडावयाचीं तर २५ गुणिले २४ भागिले २, म्हणजे ३०० वाटा लागतील, आणि त्यांपैकीं बहुतेक वाटांवर रोज अर्धी रिकामी गाडी धांवेल. तेंच, मध्यें एक केंद्र ठरवून सगळा माल तेथें आणावा, तेथें निवडावा व तेथून परत वांटावा, असें केलें तर २५ वाटांत काम भागतें. अमेरिकेंत फेडरल एक्स्प्रेस या मंडळीनें १७ एप्रिल १९७३ रोजीं याच रीतीनें आरंभ केला. पहिल्या रात्रीं १४ विमानांनीं १८६ पार्सलें नेलीं, तीं २५ शहरांत पोंचविलीं. आणि एकाच शहरांतून दुसऱ्या शेजारच्या शहरीं जावयाचें पार्सलहि मेंफिस येथील केंद्रांत नेऊन तेथें निवडलें जाई. आज बहुतेक पार्सल कंपन्या हीच चाल चालवितात. म्हणून आपलें पार्सल आपल्या गांवावरून पुढें गेल्याचें मोबाईलवर दिसलें तर तें चुकलेंच असें समजूं नये. तें केंद्राकडे चाललेलें असतें. केंद्रांत मात्र एक गाडी चुकली कीं एक दिवस गेला, कारण पुढची गाडी बहुधा दुसऱ्या रात्रींच सुटते. आमचा पहिला दिवस असाच भिवंडींत गेला होता.

खरी मौज आहे ती शेवटच्या कोसांत. शेंकडों किलोमीटरचा प्रवास यंत्रें, गाड्या व गोदामें मिळून बिनबोभाट उरकतात; आणि गांवांतील शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत सगळा घोळ होतो. याचें कारण असें कीं, तोंपर्यंत हजारों पार्सलें एकत्र प्रवास करितात व येथून पुढें प्रत्येकाची वाट निराळी होते.

पार्सलें वांटणाऱ्या एका तरुणाचा दिवस पाहूं. त्याच्या थैलींत ६० घरांचीं पार्सलें आहेत. एका घराहून दुसऱ्या घरीं जाण्यास ३ मिनिटें व दारांत ४ मिनिटें धरलीं, तर दर घरास ७ मिनिटें, म्हणजे ४२० मिनिटें, म्हणजे ७ तास. सकाळीं १० ला निघाला तर सायंकाळीं ५ ला मोकळा झाला पाहिजे. कागदावर हें ठीक आहे. पण दर तिसऱ्या घरीं ५ मिनिटें अधिक लागलीं असें समजा. कोणी अंघोळीला गेलेला आहे, कोणी सुटे पैसे शोधतो आहे, कोणी "आम्हीं हें मागविलेंच नाहीं" म्हणून वाद घालतो आहे. पहिल्या घराला त्याची झळ लागत नाहीं. तिसाव्या घरीं तो ५० मिनिटें उशिरा पोंचतो आणि साठाव्या घरीं १०० मिनिटें. लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, मागच्या प्रत्येक दारांतील उशीर पुढच्या सर्व दारांच्या माथीं बसतो. पुढचा कोणी तो फेडून देत नाहीं. म्हणून यादींत ज्याचें नांव शेवटीं, त्याला सांगावयाची वेळ तितकीच मोघम. "९ ते ७" हें उत्तर उर्मटपणाचें वाटतें, पण त्यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणाहि आहे.

तर मग कोणाचें नांव आधीं घ्यावें व कोणाचें मागून ? येथें विद्यार्थ्यांसाठीं एक हिशेब देतों. तीन घरें असलीं तर तीं घेण्याचे क्रम ६. चार असलीं तर २४. दहा घरांचे क्रम ३६,२८,८०० होतात. वीस घरें झालीं कीं ही संख्या एकोणीस अंकी होते. आणि आपल्या तरुणाच्या थैलींत साठ आहेत. या सर्वांतून सगळ्यांत आंखूड वाट कोणती, हा प्रश्न गणितांत फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध आहे. मोठमोठ्या गणकयंत्रांचा उपयोग करून त्याचीं बरींच चांगलीं उत्तरें काढतां येतात, परंतु घरांच्या कितीहि मोठ्या यादीस झटपट अचूक उत्तर देईल अशी रीत अजून कोणास सांपडलेली नाहीं. आणि सकाळीं काढलेला उत्तम क्रमहि दुपारीं एखादा रस्ता खोदलेला निघाला कीं निरुपयोगी होतो.

आणखी एक हिशेब सणासुदीच्या दिवसांचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग नांवाच्या डॅनिश गणितज्ञानें १९०९ मध्यें टेलिफोनच्या खोळंब्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतूनच पुढें रांगांचें शास्त्र निर्माण झालें. त्यांतला एक निष्कर्ष मोठा चमत्कारिक आहे. काम दुप्पट झालें तर वाटहि दुप्पट पाहावी लागेल असें आपण समजतों. तसें होत नाहीं. अगदीं साध्या रांगेंत, माणसाच्या शक्तीच्या निम्मेंच काम त्याच्याकडे असलें तर रांगेंतील वाट सरासरीनें एका गिऱ्हाइकाला लागणाऱ्या वेळाइतकी असते. काम शक्तीच्या ८० टक्के झालें कीं ती चौपट होते. ९० टक्क्यांस नऊपट. ९५ टक्क्यांस एकोणीसपट. म्हणून दिवाळीच्या आधीं पार्सलें थोडीशींच वाढतात व उशीर मात्र एकदम उसळतो. सगळीं माणसें कांठोकांठ कामाला लावलीं म्हणजे काटकसर झाली, असें समजणाऱ्या व्यवस्थापकांनीं हा कोष्टक भिंतीवर लावावा असें आम्हांस वाटतें. पण तें राहूं द्या.

कोणी म्हणेल, मग मुंबईच्या डबेवाल्यांस कसें साधतें ? त्यांची पद्धति १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केल्याचें सांगतात. घरचा डबा जेवणाच्या वेळीं कचेरींत हजर असतो, आणि तेवढ्या चोखपणामुळें परदेशचे विद्वान त्यांचा अभ्यास करावयास येतात. या उदाहरणाचें मर्म असें कीं, डबेवाल्याचीं घरें रोज तींच, कचेऱ्या रोज त्याच, लोकल गाडी रोज तीच आणि डब्याच्या झांकणावरील खुणा त्याला तोंडपाठ. आज कोणाकडे जावयाचें हा प्रश्नच त्याच्यापुढें नसतो. पार्सलवाल्याची यादी रोज नवी असते. पूर्वीच्या पोस्टमनची स्थिति डबेवाल्याजवळची होती. एकाच पेठेंत तो वर्षेंच्या वर्षें हिंडे, आणि पाकिटावर नुसतें "मास्तर" एवढें लिहिलें तरी त्याला पुरे. आमच्या बालपणचे पोस्टमन दारांत पाणी पिऊन, घरांत कोणाचें दुखलें-खुपलें विचारून पुढें जात.

यावरून पत्त्याकडे येऊं. कारण आमच्या प्रकरणाचें बीज तेथेंच होतें. पत्रावर जे सहा आंकडे आपण घालतों ती पिनकोडची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि ती योजणारे गृहस्थ मराठी होते : श्रीराम भिकाजी वेलणकर. ते टपालखात्याशीं संबंध असलेले मोठे अधिकारी, तसेच संस्कृतचे कवि होते. जालन्याचा अंक ४३१२०३. यांतील पहिल्या ४ या आंकड्यानें महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड हा विभाग कळतो. पहिले तीन मिळून ४३१ यांनीं टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटच्या तिहींनीं नेमकी टपाल कचेरी. एकाच नांवाचीं अनेक गांवें असलेल्या व अनेक लिप्यांत पत्ते लिहिणाऱ्या देशांत ही केवढी मोठी सोय झाली याची कल्पना आजच्या मुलांस येणार नाहीं. परंतु हे सहा आंकडे टपाल कचेरीच्या दारापर्यंत नेऊन सोडतात, आपल्या दारापर्यंत नव्हे. कचेरीपासून पुढें काय ? पुढें "मारुतीच्या देवळामागें", "पिंपळाजवळ", "जुन्या गिरणीसमोर". गिरणी पडून वीस वर्षें झालीं तरी पत्ता तोच. या अडचणीवर उपाय म्हणून टपालखात्यानें २०२५ मध्यें डिजिपिन नांवाची रीत पुढें आणली आहे. साऱ्या देशाच्या भूमीचे सुमारें ४ मीटर लांब व ४ मीटर रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकास १० अक्षर-अंकांची खूण दिली आहे. म्हणजे आमच्या ओसरीलाहि आतां स्वतःचा अंक आहे. तो आम्हांस ठाऊक नव्हता, ही गोष्ट निराळी.

आमचें घर मस्तगडांत. मस्तगड हा १७२५ मध्यें निजामाच्या आज्ञेवरून काबिलखानानें बांधलेला गड. त्याचें नांव भोंवतालच्या वस्तीला पडलें आहे. दुरुस्तीच्या दुकानास पाठविलेल्या कागदावर आम्हीं पत्ता लिहिला तो असा : आमचें आडनांव, मस्तगड, जालना. बस्स. घरक्रमांक नाहीं, गल्ली नाहीं, खूण नाहीं. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील एक वेलांटी चुकली तर लाल शाई वापरणारे आम्ही ! मनांत असें होतें कीं, शाळेच्या मास्तरांचें घर कोणीहि दाखवील.

आतां मनाकडे वळूं. घड्याळांतील तास सारखेच असले तरी वाट पाहण्याचे तास कमीअधिक लांब असतात. डेव्हिड मेस्टर नांवाच्या लेखकानें १९८५ मध्यें रांगेंत उभें राहणाऱ्या माणसाच्या मनाविषयीं एक निबंध लिहिला, तो या विषयांत बराच मान्य आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : हात रिकामे असले कीं वेळ लांबतो, किती थांबावयाचें तें ठाऊक नसलें कीं अधिक लांबतो, उशिराचें कारण कळलें नाहीं तर त्याहून अधिक, आणि एकट्यानें थांबणें हें चौघांत थांबण्यापेक्षां जड जातें. आमच्या ओसरीवर या सगळ्या गोष्टी एकत्र जमल्या होत्या. "तुमचें पार्सल भिवंडींत अडकलें आहे, उद्यां येणार नाहीं," एवढें एक वाक्य पहिल्या रात्रीं कोणीं कळविलें असतें, तर पार्सल तितक्याच उशिरा येऊनहि आमचा एक दिवस आमच्या ताब्यांत राहिला असता. उशिरापेक्षां हें न सांगणें अधिक बोचतें, आणि सांगण्यास खर्च फारसा नाहीं; तेव्हां कंपन्यांस दोष द्यावयाचा तर तो आम्ही येथें देऊं.

आणखी एक गोष्ट पालकांच्या विचारासाठीं. "घरीं कोणीतरी हजर असावें" यांतील "कोणीतरी" म्हणजे कोण ? आमच्या घरीं ती आमची पत्नी होती व तिचें बारसें बुडालें. ज्या घरांतील दोघेंहि रोजानें कामाला जातात तेथें कोणीतरी म्हणजे एका दिवसाची मजुरी, किंवा शाळेंतून घरीं ठेवलेली मुलगी. हजेरीच्या वहींत आम्हांस "घरीं काम" असें कारण वाचावयास मिळतें; त्यांतील कांहीं कामें या जातीचीं असतात.

असो. तिसऱ्या दिवशींचा तो संदेश घेऊन आम्ही तडक त्या पार्सल कचेरींत गेलों. एक पत्र्याची शेड, जमिनीवर खोक्यांचे ढीग, आणि त्यांत तीन-चार तरुण. आमचें पार्सल ज्याच्याकडे होतें तो विशीच्या आंतबाहेरचा असेल. त्यास आम्ही बरेंच बोललों. खोटेपणा हा शब्द आम्हीं वापरला, हें येथें कबूल करितों. तो उलट बोलला नाहीं. त्यानें आपला मोबाईल पुढें केला. मस्तगडांत आमच्याच आडनांवाचें दुसरें एक कुटुंब पलीकडच्या गल्लींत राहतें. तें सुटींत गांवीं गेलें होतें. त्याच्या कुलूप लावलेल्या दाराचें चित्र त्यानें काढून ठेविलें होतें. त्याखालीं वेळ होती : ३ वाजून ४९ मिनिटें. आणि ३ वाजून ५२ मिनिटांनीं त्यानें आम्हांस फोन लाविला होता. आम्हीं आमचा मोबाईल पाहिला. ३-५२ ला एक अनोळखी क्रमांक होता. विमा विकणाऱ्यांचा असेल असें समजून आम्हींच तो तोडला होता.

मग त्याच्याजवळ थोडा वेळ बसलों. तो परतूर तालुक्यांतील एका खेड्याचा. जालन्यास येऊन चार महिने झालेले. आमचें घर त्याला कोण दाखविणार ? दारें बंद असल्यानें जीं पार्सलें परत येतात त्यांचे पैसे त्याला मिळत नाहींत. पोंचलेल्या पार्सलांचेच मिळतात. पेट्रोल स्वतःचें. अशा कामकऱ्यांस कायद्यांत नांवहि नव्हतें. तें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत प्रथम आलें. म्हणजे आम्हीं फोन तोडला त्यांत आमचा एक दिवस गेला व त्याचे त्या पार्सलाचे पैसे गेले. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, "सर, पत्त्यांत शाळेचं नाव टाकलं असतं तरी सापडलं असतं."

पार्सल तेव्हांच हातीं घेऊन यावें असें मनांत होतें, पण तें दुसऱ्या दिवसाच्या थैलींत नोंदलें गेलें होतें व नोंद फिरवितां येत नव्हती. चौथ्या दिवशीं दुपारीं १ वाजून १० मिनिटांनीं तो फाटकाशीं आला. मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक आम्हीं सांगितला, त्यानें खोकें दिलें. मातोश्रींनीं तेथेंच ओसरीवर तें उघडवून यंत्र कानांत घातलें व पहिलें वाक्य त्याच्याशींच बोलल्या : "जेवलास का रे बाळा ?" तो म्हणाला, "अजून तेवीस घरं राहिलीत आजी." उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पिऊन तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोंकापर्यंत मातोश्री ऐकत होत्या.